फुटेपर्यंत दाबलेल्या खिडक्या

अमेरिकन नौदलाच्या सर्वांत मोठ्या युद्धनौकांवर १६ इंची तोफा असत. त्यांचा एकेक गोळा जवळजवळ माणसाच्या उंचीचा आणि वजनाला टनाच्या आसपास. शत्रूच्या जहाजाचे चिलखत फोडून आत शिरायचे, म्हणून त्याचे पोलादही तसेच निवडक. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पोर्ट ह्युनेमी इथे नौदलाची स्थापत्य अभियांत्रिकी प्रयोगशाळा होती. तिथल्या अभियंत्यांनी असे काही गोळे मागवून घेतले, त्यांच्यावर यंत्रकाम केले, तोंडाला जाड झाकण बसवले आणि आत दारूऐवजी पाणी भरले. पंपाने त्या पाण्यावर दाब चढवला की गोळ्याच्या पोटात हवी तेवढी समुद्राची खोली तयार होई. जगातल्या सर्वांत खोल दरीच्या तळाशी असतो त्याहूनही जास्त दाब त्यात निर्माण करता येत असे.

त्या झाकणात ते खिडक्या बसवत. ॲक्रिलिकच्या, आरपार स्वच्छ, बाहेरून रुंद आणि आत निमुळत्या होत गेलेल्या. आणि त्या फुटेपर्यंत दाबत.

खोल समुद्राच्या इतिहासात नावे राहतात ती खाली उतरलेल्या माणसांची. ते योग्यच आहे. जीव त्यांनी पणाला लावला. पण ज्या खिडकीला डोळा लावून त्यांनी तळ पाहिला, ती टिकेल असा भरवसा कुठून आला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सूत्रे मांडून आकडेमोड केल्याने तो भरवसा मिळाला नाही. तो एकेक खिडकी फोडून मिळाला, आणि त्याला जवळपास चाळीस वर्षे लागली.

सुरुवात ॲक्रिलिकच्या आधीची आहे. १९३० मध्ये विल्यम बीब हा निसर्गशास्त्रज्ञ आणि ओटिस बार्टन हा अभियंता यांनी बर्म्युडाजवळच्या समुद्रात एक पोलादी गोल दोरखंडाने खाली सोडला. व्यास पावणेपाच फूट. दोन माणसे आत पाय दुमडून कशीबशी बसत. बेथिस्फिअर हे त्याचे नाव. त्याच्या खिडक्या साध्या काचेच्या नव्हत्या. वितळवून ओतलेल्या क्वार्ट्झच्या, ८ इंच व्यासाच्या आणि ३ इंच जाडीच्या त्या चकत्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बनवल्या होत्या. अशा पाच चकत्या केल्या होत्या. त्यांतली एक पोलादी चौकटीत घासून बसवताना कडेला उडाली, एक दाबाच्या चाचणीत गेली, आणि एक चौकटीचे बोल्ट कमीजास्त आवळले गेल्यामुळे फुटली. समुद्राने एकही फोडली नव्हती. सगळ्या किनाऱ्यावरच, माणसांच्या हाताखाली गेल्या. क्वार्ट्झ अतिशय बळकट असते, पण ते नमत नाही. चौकटीत कुठे केसभर उंचवटा राहिला तर सगळा भार त्या एका ठिकाणी येतो आणि तिथून तडा जातो.

१९३२ मध्ये नवी खिडकी बसवल्यावर बीबने गोल आधी रिकामाच खाली सोडला. तो वर आला तेव्हा कमालीचा जड होता. खिडकीपाशी पाणी झिरपून आत शिरले होते आणि खोलीवरचा दाब आत तसाच कोंडलेला होता. दाराचा मधला बोल्ट सैल करताच तो सुटून डेकवरून तोफेच्या गोळ्यासारखा सणसणत गेला. कुणी वाटेत उभे नव्हते, एवढेच. माणसांऐवजी रिकामा गोल आधी पाठवण्याची ती सवय मला बीबच्या सगळ्या विक्रमांहून मोठी वाटते. १५ ऑगस्ट १९३४ रोजी हे दोघे ३,०२८ फुटांवर पोचले. तोपर्यंत जिवंत माणूस इतका खोल कधी गेला नव्हता.

त्याच सुमारास जर्मनीत डार्मस्टाट इथे ओटो र्‍योम यांच्या कंपनीने एक नवा पारदर्शक पदार्थ, म्हणजे ॲक्रिलिक, बाजारात आणला. १९३३ मध्ये त्याला प्लेक्सिग्लास हे नाव मिळाले. इंग्लंडमध्ये हाच पदार्थ पर्स्पेक्स म्हणून आला. युद्धाच्या काळात लढाऊ विमानांच्या वैमानिकांवरची पारदर्शक छत्री याचीच असे. ती फुटून डोळ्यांत शिरलेले तुकडे डोळा सहन करतो, हे लंडनच्या हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांच्या लक्षात आले आणि १९४९ मध्ये त्यांनी याच पदार्थाचे भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवले. आपल्याकडेही कित्येकांच्या आजीआजोबांची दृष्टी पुढे याच वाटेने परत आली. हे विषयांतर झाले खरे, पण एकाच पदार्थाने माणसाला दोन अंधारांत दिसू लागावे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

काचेच्या तुलनेत ॲक्रिलिक दुबळे. ओरखडे चटकन पडतात, उष्णता सोसत नाही, भार दिला की वाकते. आणि याच दुबळेपणात ऑग्युस्त पिकार या स्विस भौतिकशास्त्रज्ञाला खोल समुद्राची खिडकी दिसली.

पिकार १९३१ मध्ये फुग्यातून १५,००० मीटरांच्या वर जाऊन आले होते. आता त्यांना उलट्या दिशेने जायचे होते. दोरखंडाला लटकणारा गोल नको, स्वतः बुडणारे आणि स्वतः वर येणारे यान हवे: पेट्रोलने भरलेला मोठा तराफा आणि खाली लटकवलेली जाड पोलादी कोठी. बेल्जियमच्या राष्ट्रीय विज्ञान निधीच्या पैशातून काम सुरू झाले, युद्धाने थांबले, आणि युद्धानंतर पुन्हा उभे राहिले. खिडकीसाठी त्यांनी काचेचा विचार सोडून दिला. काच खोबणीत कितीही नीट बसवली तरी सूक्ष्म उंचसखलपणा उरतोच आणि दाब चढला की तिथे कपची उडते. ॲक्रिलिक मात्र अशा ठिकाणी किंचित नमते. जिथे जास्त भार तिथे ते दबते, शेजारच्या भागावर भार जातो, आणि थोड्या वेळात सगळा पृष्ठभाग मिळून ओझे उचलू लागतो.

आकारही त्यांनी त्याला साजेसा निवडला. कलिंगडवाला लाली दाखवायला निमुळता तुकडा कापतो आणि पुन्हा जागेवर बसवतो; बाहेरून जितका दाबाल तितका तो घट्ट रुततो. पिकारची खिडकी तशीच होती. बाहेरचे तोंड सुमारे ४० सेंटिमीटर, आतले जेमतेम १० सेंटिमीटर, जाडी १५ सेंटिमीटर, आणि दोन उतरत्या बाजूंमधला कोन ९० अंश. समुद्र तिला ढकलतो आणि ढकलता ढकलताच फट बुजवतो. ३ नोव्हेंबर १९४८ रोजी केप व्हर्दे बेटांजवळ एफएनआरएस-२ हे यान माणसांशिवाय १,३८० मीटरांवर जाऊन आले. पृष्ठभागावर आल्यावर लाटांनी त्याचा तराफा खिळखिळा केला. पण कोठी कोरडी होती.

पुढचे यान त्रिएस्ते. ते इटलीत बांधले गेले, १९५३ मध्ये पाण्यात उतरले, १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाने विकत घेतले आणि जर्मनीतल्या क्रुप कारखान्याकडून त्याला नवी, अधिक जाड कोठी बसवली. २३ जानेवारी १९६० रोजी ऑग्युस्त यांचा मुलगा जॅक पिकार आणि नौदलाचा लेफ्टनंट डॉन वॉल्श त्यात बसून मारियाना गर्तेत उतरले. तळ सुमारे १०,९०० मीटरांवर. तिथे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १ टनाहून जास्त भार असतो. ४० सेंटिमीटर व्यासाच्या एका तोंडावर तो मोजला तर १,३०० टनांच्या पुढे जातो, आणि तो सगळा प्लास्टिकच्या एका ठोकळ्यावर.

९,००० मीटर ओलांडल्यावर मोठा आवाज झाला आणि सगळी कोठी हादरली. दोघांनी उपकरणे तपासली. सगळे ठीक दिसत होते. ते खाली जात राहिले. तळ गाठल्यावर वॉल्शने दारातल्या छोट्या खिडकीतून वरच्या भुयारात पाहिले, तेव्हा उलगडा झाला. कोठीत येण्याजाण्याच्या भुयाराला असलेल्या ॲक्रिलिकच्या तावदानाला तडा गेला होता. हे तावदान समुद्राचा दाब पेलणारे नव्हते. भुयारात पाणीच भरलेले असे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सारखाच दाब. थंडीत पोलाद आणि ॲक्रिलिक वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, त्या ओढाताणीत ते चिरले. पण वर आल्यावर भुयारातले पाणी हवेने बाहेर घालवायचे होते, आणि ते पूर्ण फुटले असते तर दोघांना बाहेर पडणे अवघड झाले असते. वीस मिनिटांनी ते निघाले. भुयार सावकाश रिकामे केले आणि सुखरूप बाहेर आले.

मुख्य खिडकीने आपले काम चोख केले होते. मात्र ती नेमकी किती दाबाला फुटली असती, तळावर आठवडाभर ठेवली असती तर काय झाले असते, ३० अंशांच्या उन्हातून २ अंशांच्या पाण्यात जाताना तिच्या ताकदीत किती फरक पडत होता, याचे तक्ते अजून कुणी मांडलेले नव्हते. जगातली सर्वांत खोल डुबकी पार पडली होती, पण खिडकीचे शास्त्र अजून तयार व्हायचे होते.

ते तयार करण्याची घाई एका दुर्घटनेने आणली. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची थ्रेशर ही अणुपाणबुडी १२९ माणसांसह अटलांटिकमध्ये बुडाली. तिचे अवशेष सुमारे २,६०० मीटरांवर होते. शोधायला पाठवण्याजोगे यान नौदलाकडे त्रिएस्तेखेरीज जवळजवळ नव्हतेच. त्यानंतर खोल समुद्राच्या कामासाठी पैसा आणि माणसे मिळू लागली. १९६४ मध्ये आल्विन हे छोटे यान रुजू झाले. खासगी कंपन्याही आपापली याने बांधू लागल्या. प्रत्येकाची खिडकी वेगळी; कुणी सपाट चकती लावे, कुणी शंकूचा छेद, आणि जाडी किती ठेवायची हे प्रत्येक जण आपल्या अंदाजाने ठरवी.

पोर्ट ह्युनेमीला जेरी स्टाखिव आणि त्यांचे सहकारी के. ओ. ग्रे यांनी काम हाती घेतले ते इथे. त्यांचा पहिला मोठा अहवाल १९६७ चा. प्रश्न साधा होता: शंकूच्या छेदाची ॲक्रिलिकची खिडकी कोणत्या दाबाला फुटते? उत्तरासाठी त्यांनी वेगवेगळ्या जाडीच्या आणि ३०, ६०, ९०, १२०, १५० अशा वेगवेगळ्या अंशांच्या कोनांच्या छोट्या खिडक्या कातून घेतल्या. प्रत्येक खिडकी पोलादी खोबणीत बसवायची, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोलीतली हवा. मग दर मिनिटाला चौरस इंचामागे ६५० पौंड या एकाच गतीने दाब चढवत न्यायचा. २०,००० पौंडांपर्यंत पोचायला अर्धा तास लागे. त्या अर्ध्या तासात खिडकीचे आतले तोंड किती पुढे सरकते, हे सतत मोजायचे.

ते सरकत असे, आणि सगळी गोष्ट त्या सरकण्यातच आहे. आधी खिडकी खोबणीत घट्ट बसते. मग मधला भाग हळूहळू आत फुगतो, जणू घन पदार्थ वाहू लागला आहे. मग चिरा. आणि शेवटी पाण्याच्या लोटाबरोबर तुकडे बाहेर फेकले जातात. पण फुटण्याच्या खूप आधी ते नमत असते, आणि ते नमणे मोजता येते. काच किंवा क्वार्ट्झ अशी पूर्वसूचना देत नाही.

एकाच मापाची एक खिडकी फोडून भागत नसे. ओतकामात फरक असतो, कातकामात फरक असतो. म्हणून तीच खिडकी पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. मग तापमान बदलून. मग सपाट चकत्या. मग गोलाच्या कवचासारख्या वक्र खिडक्या. जाडी भागिले व्यास हे गुणोत्तर एका अक्षावर, फुटण्याचा दाब दुसऱ्या अक्षावर, प्रत्येक कोनाची वेगळी रेघ: असे आलेख अहवालांमागून अहवाल येत राहिले. हे अहवाल रूक्ष आहेत. तरी त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे कुणीतरी घडवलेली, घासून चकाकवलेली आणि मग जाणूनबुजून फोडलेली एक खिडकी आहे, हे लक्षात ठेवून वाचले की ते रूक्ष राहत नाहीत.

चाचण्यांतून एक बारीक पण जीव वाचवणारी गोष्ट स्पष्ट झाली. खिडकीचे अरुंद तोंड आणि खोबणीची आतली कड एका रेषेत ठेवली तर दाबाखाली खिडकी आत सरकते आणि तिची धार खोबणीच्या बाहेर, आधाराशिवाय उरते. तिथूनच चिरा सुरू होतात. म्हणून खोबण खिडकीच्या पुढे थोडी वाढवायची; खिडकी सरकली तरी तिच्याखाली पोलाद हवे.

पण अर्ध्या तासाची चाचणी पुरेशी नव्हती. पोलादाला विचारा, तू किती भार घेशील, तर ते एक आकडा सांगते. ॲक्रिलिक आधी विचारते: किती वेळ? तोच दाब मिनिटभर सहज पेलणारी खिडकी महिनाभरात त्याच दाबाखाली हरू शकते, कारण नमणे थांबलेले नसते. म्हणून दुसरी मालिका सुरू झाली. चौरस इंचाला २०,०००, मग १०,०००, मग ५,००० पौंड अशा स्थिर दाबाखाली शेकडो तास खिडक्या ठेवायच्या, आणि रात्रंदिवस त्यांचे सरकणे टिपायचे. या मालिकेचे अहवाल १९६९ पासून पुढे आले. खिडकी सुरुवातीला झपाट्याने सरकते, मग मंदावते. ती मंदावतच राहिली तर ठीक, पण पुन्हा वेग घेऊ लागली तर शेवट जवळ आला.

इथे एक आकडा थांबून पाहण्यासारखा आहे. अशा खिडक्यांसाठी लागणाऱ्या ॲक्रिलिकची दाबाखाली कायमचे चेपले जाण्याची मर्यादा चौरस इंचाला किमान १५,००० पौंड असावी, असा पुढे नियम झाला. मारियाना गर्तेच्या तळाचा दाब पावणेसोळा हजारांच्या आसपास आहे. म्हणजे एकट्या उभ्या केलेल्या ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला जो दाब चेपू शकेल, तोच दाब त्याच पदार्थाची खिडकी पेलते. कारण तिला पसरायला जागाच नसते. चारी बाजूंनी पोलादाने धरलेली असल्यामुळे तिचे नमणे कोंडले जाते. खिडकी टिकते ती पदार्थाच्या ताकदीपेक्षा आकाराच्या आणि खोबणीच्या जोरावर.

एवढे कळल्यावर स्टाखिव पुढच्या विचारावर गेले: खिडकीच कशाला, सगळी कोठीच पारदर्शक का नको? ॲक्रिलिकचे बारा वक्र पंचकोनी तुकडे जोडून ६६ इंच व्यासाचा आणि अडीच इंच जाडीचा गोल तयार झाला. त्याआधी त्याच पद्धतीने केलेले लहान गोल दाबाखाली चिरडून पाहिले होते. १९७० मध्ये हे नेमो नावाचे यान दोन माणसांना घेऊन पाण्यात उतरले. त्याच धर्तीवर एडविन लिंक यांच्या जॉन्सन सी लिंक या यानाला चार इंच जाडीचा गोल मिळाला. जीवशास्त्रज्ञांना त्याआधी भोकाला डोळा लावून बघावे लागे; आता समुद्र चहूबाजूंनी दिसू लागला. जेलीफिशसारख्या नाजूक, जाळ्यात येताच विरघळणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासाला या गोलांमुळे मोठी मदत झाली.

१९७७ मध्ये अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने माणसे बसणाऱ्या दाबपात्रांसाठी सुरक्षा संहिता प्रसिद्ध केली. खिडक्यांवरचे तिचे प्रकरण पोर्ट ह्युनेमीच्या आलेखांवर उभे आहे आणि स्टाखिव ते घडवणाऱ्यांत होते. खिडकी ज्या दाबासाठी वापरायची, त्याच्या कितीतरी पट दाबाला तिचा प्रकार फुटला पाहिजे. थंड पाण्यासाठी साधारण पाच पट, आणि तापमान वाढेल तसा हा गुणक वाढत जातो. प्रत्येक नव्या खिडकीला वापरण्याआधी सव्वापट दाबाखाली किमान तासभर बसवायचे. कातल्यावर तिला भट्टीत ठेवून सावकाश निववायचे, म्हणजे आत कोंडलेले ताण सुटतात. स्पिरिट, ॲसिटोन असले द्रव तिच्याजवळ न्यायचे नाहीत. त्यांनी केसासारख्या बारीक चिरांचे जाळे उठते. तिची माहिती कडेवर शाईने लिहायची, कोरायची नाही, कारण कोरलेली प्रत्येक रेघ ही तड्याची सुरुवात ठरू शकते. आणि तिला आयुष्य आहे: नेहमीच्या खिडक्यांसाठी दहा वर्षे, किंवा १०,००० वेळा दाबाखाली जाणे, किंवा ४०,००० तास. ती दिसायला कितीही निर्मळ असली तरी मुदत संपली की काढायची.

या संहितेखाली बांधलेल्या यानांनी हजारो फेऱ्या केल्या. २०१९ मध्ये व्हिक्टर व्हेस्कोव्हो ज्या लिमिटिंग फॅक्टर यानातून मारियाना गर्तेच्या तळाशी गेले, त्यालाही ॲक्रिलिकच्याच तीन खिडक्या होत्या. २०२० मध्ये त्याच यानातून डॉन वॉल्श यांचा मुलगा केली वॉल्श तळाला जाऊन आला.

आणि मग १८ जून २०२३. टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेले ओशनगेट कंपनीचे टायटन यान पाच माणसांसह चिरडले. अमेरिकन तटरक्षक दलाच्या चौकशीने मुख्य दोष कार्बन फायबरच्या कोठीच्या रचनेत आणि कंपनीच्या कामाच्या पद्धतीत काढला. खिडकीला तिथे मुख्य कारण मानलेले नाही. पण २०१८ मध्येच त्या कंपनीच्या एका माजी अधिकाऱ्याने न्यायालयातल्या कागदपत्रांत लिहिले होते, की यानाच्या खिडकीला केवळ १,३०० मीटरांपर्यंतचीच हमी मिळाली आहे. टायटॅनिक सुमारे ३,८०० मीटरांवर आहे. या यानाने कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र घेतले नव्हते. चाळीस वर्षे माणसांनी खिडक्या फोडून जे ज्ञान गोळा केले, ते कुणी वाटेतला अडथळा समजावे, याची चीड येते आणि त्या पाच माणसांसाठी जीव तुटतो.

आता आपल्या देशाचीही पाळी येते आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेत समुद्रयान मोहिमेसाठी मत्स्य ६००० हे यान तयार होत आहे: २.१ मीटर व्यासाची, ८० मिलिमीटर जाडीची टायटॅनियमची कोठी, आत तीन माणसे, तीन खिडक्या आणि ६,००० मीटरांचे लक्ष्य. तिथे दर चौरस सेंटिमीटरवर ६०० किलोंहून जास्त भार असेल. हिंदी महासागरातल्या उन्हात डेकवर तापलेली खिडकी काही तासांत दोन-तीन अंशांच्या पाण्यात जाईल आणि संध्याकाळी पुन्हा उन्हात येईल. ती कोणत्या ओतकामातली आहे, तिच्या भावंडांपैकी किती फोडून पाहिल्या, त्या कोणत्या दाबाला, कोणत्या तापमानाला आणि किती तासांनी गेल्या, हे सगळे आपल्या स्वतःच्या चाचण्यांच्या वह्यांत लिहिलेले असले पाहिजे, आणि त्या वह्या पुढच्या यानाच्या अभियंत्यांना उघडून वाचता आल्या पाहिजेत.